तीन शब्दांची फारसी

दारगानचा किल्ला कसा हाती आला याबद्दल बसऱ्यात आज तीन हकीकती सांगितल्या जातात. तिन्हींत मी शूर आहे, त्यामुळे तिन्ही खोट्या आहेत. पहिलीत मी एकटा तटावर चढतो. दुसरीत मी तटाखाली उभा राहून अशी गर्जना करतो की दरवाजाचे बिजागर निखळतात. तिसरी त्यातल्या त्यात खरी म्हणता येईल, पण तीत मी अस्खलित फारसी बोलतो.

मी तिथं होतो. वेढा एकोणीस दिवस चालला. आम्ही चारशे दहा जण होतो. त्यांतले दोघं गेले, एक दगडानं आणि एक पोटाच्या विकारानं. किल्ल्यातून शेवटी बाहेर आले ते तीनशे सहा. लढणारे शिपाई आधीच मागच्या ओढ्यानं पसार झाले होते, म्हणजे उरले ते बहुतेक म्हातारे, बायका, पोरं आणि एक लंगडा लोहार. तटावर कुणी चढलं नाही. बिजागर आजही जागेवर आहेत.

मी तमीम कबिल्याचा, नाव मिरदास. आमच्यात बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मला मुलगा नाही, एक मुलगी आहे रैता, म्हणून मी अबू रैता, म्हणजे रैताचा बाप. बक्र कबिल्याची माणसं हे नाव जरा लांबवून, गोड आवाजात उच्चारत.

मला फारसी येते हे लष्करात सगळ्यांना ठाऊक होतं. काही वर्षांनी ते मलाही पटलं होतं. वस्तुस्थिती अशी की मला फारसी फारशी येत नव्हती. नेमकं सांगायचं तर तीन शब्द येत होते. ‘नान’ म्हणजे भाकरी आणि ‘आब’ म्हणजे पाणी, हे दोन मी हीरा शहराच्या बाजारात काकांबरोबर चामडी विकायला जायचो तेव्हा शिकलो. तिसरा शब्द ‘मतर्स’. तो मी रणांगणात कमावला.

फुरात नदीवरच्या पुलाची लढाई ही माझी पहिली लढाई. ती आम्ही हरलो. हरण्यात माझा वाटा मोठा नव्हता, पण मनापासूनचा होता. इराण्यांनी हत्ती आणले होते. आमच्या घोड्यांनी हत्ती कधी पाहिला नव्हता आणि मीही नाही. फरक एवढाच की घोडे माझ्याआधी पळाले. एक हत्ती सरळ माझ्या रोखानं आला. त्याच्या मानेवरचा महात पुढं वाकून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, “मतर्स! मतर्स!” तो ओरडायचा, हत्ती पाय उचलायचा आणि मी धावायचो. असं आम्ही तिघं नदीपर्यंत गेलो. मला पोहता येत नव्हतं, तरी मी उडी मारली, यावरून त्या शब्दाचा माझ्यावर काय परिणाम झाला असेल ते समजावं. कुणाच्या तरी उंटाचं शेपूट हाताला लागलं म्हणून वाचलो. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की ‘मतर्स’ म्हणजे ‘तुडव’, ‘चिरड’, निदान ‘आता तुझं काही खरं नाही’.

ज्या तुकडीत बाकीच्यांना एकही शब्द येत नाही, तिथं तीन शब्दवाला पंडित ठरतो. वाटेतल्या गावांत वाट विचारायला मला पुढं करत. मी शेतकऱ्यासमोर जाऊन गंभीर चेहऱ्यानं काहीतरी पुटपुटायचो, तो बराच वेळ बोलायचा, मी मान डोलवायचो आणि परत येऊन सांगायचो, डावीकडं. एकदा डावीकडं दलदल निघाली. दोन उंट गळ्यापर्यंत रुतले. त्या मुलखातली बोली फार अशुद्ध आहे, असं मी सांगितलं आणि ते सगळ्यांनी मान्य केलं.

एक माणूस मात्र मान्य करत नसे. माझी बायको उमामा. ती माझ्या सख्ख्या काकाची मुलगी, त्यामुळे मला लहानपणापासून ओळखत होती आणि हीच अडचण होती.

दारगान अहवाज शहराच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मातीचा तट, चार बुरूज, आत विहीर एकच. आमचा सरदार हुदैन. हा माणूस शब्द दुष्काळातल्या खजुरासारखे मोजून द्यायचा. वेढ्यात तमीमची माणसं पूर्वेला आणि बक्रची पश्चिमेला होती. आमच्या आणि त्यांच्या आजोबांनी एका विहिरीवरून चाळीस वर्षं मारामाऱ्या केलेल्या, म्हणून मध्ये हद्द आखून दिली होती. त्या हद्दीवर अलीकडचा शेवटचा तंबू माझा आणि पलीकडचा पहिला तंबू दिरारचा. दिरार बक्रवाल्यांचा म्होरक्या. आमच्या तंबूंच्या दोऱ्या एकाच खुंटीला होत्या. सकाळी उठून एकमेकांच्या कबिल्याला नावं ठेवायची आणि मग एकाच तव्यावरची भाकरी खायची, असा आमचा क्रम होता.

नवव्या दिवशी दिरारचा धाकटा भाऊ नुमैर गेला. तटाजवळ भरकटलेला उंट वळवायला गेला होता. वरून दगड आला. वय वर्षं वीस. दिरारनं कबर एकट्यानं खणली, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. तीन दिवस तो एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी खुंटीजवळ येऊन म्हणाला की तमीमच्या माणसांना भाकरीपेक्षा धूर जास्त करता येतो. मला इतकं बरं वाटलं की मी तव्यावरची पहिली भाकरी त्याला दिली.

आमचा दुभाषा यशूअ नावाचा, हीरा शहरातला ख्रिस्ती. सोळाव्या दिवशी त्याला हिवतापानं धरलं. आता हल्ला करायचा तर त्याआधी तीन दिवस किल्ल्याला निरोप द्यावा लागतो, तशी रीतच आहे: आमचा दीन म्हणजे धर्म घ्या, नाहीतर जिझिया कर द्या, नाहीतर लढा. पहाटेच्या नमाजनंतर हुदैननं विचारलं की फारसी कुणाला येते. चारशे माना माझ्याकडं वळल्या. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. तो मी छाती फुगवायला वापरला.

तटाकडं जाताना मी हिशेब मांडला. निरोपात तीन गोष्टी, माझ्याकडं शब्द तीन. पण जुळत काहीच नव्हतं. शेवटी ठरवलं की तपशिलात शिरायचं नाही, नुसती भीती घालायची. दिरार माझ्या डोक्यावर ढाल धरून बरोबर आला. मला वाचवायची त्याला हौस होती म्हणून नव्हे, बक्रचाही एक माणूस हवा असा हुदैनचा हुकूम होता.

मी ओरडलो, “नान!” आणि तटाकडं बोट दाखवून मग आमच्या छावणीकडं दाखवलं. अर्थ असा की तुमच्या भाकऱ्या आता आमच्या पोटात जाणार. मग “आब!” म्हणून आम्ही अडवलेल्या ओढ्याकडं हात केला. मग दोन्ही हात पसरले, चहूकडून घेरलंय हे कळावं म्हणून. शेवटी सगळे दात दाखवले आणि हत्ती डोळ्यांपुढं आणून पोटातून ओरडलो, “मतर्स!”

परत येताना दिरारनं विचारलं, “काय सांगितलंस?”

“अन्नपाणी तोडू म्हणालो. आणि तुडवून मारू.”

“एवढ्यात सगळं बसलं?”

“फारसी फार आटोपशीर भाषा आहे,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वरून एकही दगड आला नाही. मी तो माझ्या आवाजाचा परिणाम मानला. तटावर नमद्याची, दाबलेल्या लोकरीची उंच टोपी घातलेला एक म्हातारा आणि एक बाई उभी होती. बाईनं वरून लांबलचक काही विचारलं. मी छाती ठोकून उत्तर दिलं, “मतर्स!” ती रडायलाच लागली. मी दिरारला कोपरानं ढोसून दाखवलं की बघ, बायका भीतीनं रडताहेत. दिरारनं ढाल खाली घेतली आणि माझ्याकडं जरा आदरानं पाहिलं. आयुष्यात मला त्याच्याकडून मिळालेला तो पहिला आदर. तो दीड दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओरडायला तोंड उघडणार तोच दरवाजा उघडला. माणसं बाहेर आली. हातात शस्त्र नव्हतं. बायकांच्या डोक्यांवर परड्या, परड्यांत भाकऱ्या, म्हाताऱ्यांच्या हातांत पाण्याचे घडे. पुढं तो टोपीवाला म्हातारा. गावचा प्रमुख तो, नाव माहबोद, हे नंतर कळलं. चारशे हत्यारबंद माणसांतून तो नेमका माझ्याकडं आला. माझा चेहरा पांढरा पडला असावा, कारण त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, “मतर्स.”

मी दोन पावलं मागं उडी मारली आणि तलवारीला हात घातला. माझ्या आयुष्यात इतक्या प्रेमानं मला कुणी धमकी दिली नव्हती. म्हातारा हसला आणि पुन्हा तेच म्हणाला, आजारी मुलाला म्हणावं तसं.

तोवर आमची माणसं दोऱ्या घेऊन धावली होती. किल्ला लढून पडला तर आतली माणसं आणि माल लष्कराचा, त्यामुळे कुणाच्या वाट्याला कोण येणार याची बोलणी दोरीच्या गाठींबरोबरच सुरू झाली. दिरारनं त्या लंगड्या लोहाराचे हात बांधले. ते पाहून माहबोदचं हसू विझलं. तो माझ्याकडं आला, माझी बाही धरली आणि भराभर बोलू लागला. मला काही कळत नव्हतं. एवढं मात्र कळलं की त्याच्या प्रत्येक वाक्यात ‘मतर्स’ आहे आणि प्रत्येक वेळी तो माझ्याकडं बोट दाखवतोय. तो माझंच बोलणं मला ऐकवत होता.

हुदैननं हात वर केला. सगळं जागच्या जागी थांबलं. यशूअला आणा, तो म्हणाला.

यशूअ गाढवावरून आला, भर उन्हात दोन घोंगड्या पांघरून, दात वाजवत. त्यानं माहबोदचं बोलणं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता तो गाढवाच्या मानेवर आडवा झाला. शेवटी त्यानं सांगितलं ते असं. हा भला माणूस दोन दिवस रोज येऊन ओरडतो, आमच्याकडं भाकरी आहे, पाणी आहे, हात पसरून या म्हणतो, हसून दाखवतो आणि म्हणतो, भिऊ नका. आमच्यातल्या एका बाईनं विचारलं, पोरांनाही काही करणार नाही ना? तर यानं छातीवर हात मारून सांगितलं, भिऊ नका.

मतर्स म्हणजे भिऊ नको. पुलावरचा तो महात हत्तीला समजावत होता. म्हणजे त्या दिवशी घाबरलेला मी एकटा नव्हतो, हत्तीही घाबरला होता. हे कळून मला जो दिलासा मिळायला हवा होता तो मिळाला नाही.

कारण हसणारा यशूअ एकटाच होता. आमच्यात कायदा सरळ आहे. लष्करातल्या कुणीही, अगदी गुलामानंही, शत्रूला अभय दिलं तर ते साऱ्या लष्करानं दिलं. भाषा कुठलीही चालते, कारण अल्लाहला सगळ्या भाषा येतात. अभय असेल तर या तीनशे सहा जणांपैकी एकालाही दोरी लावता येणार नव्हती. त्यांनी जिझिया द्यायचा आणि आपापल्या घरी जायचं. अभय नसेल तर दोऱ्या होत्याच. सगळं माझ्या तोंडावर येऊन थांबलं होतं, आणि ते तोंड मला तरी चांगलंच ठाऊक होतं.

दिरारचं म्हणणं होतं की अर्थ न कळता काढलेला आवाज म्हणजे अभय नव्हे. उद्या कावळा ओरडेल, त्यालाही अभय म्हणाल. बक्रवाल्यांनी माना डोलवल्या, आणि सांगायला वाईट वाटतं, तमीमवाल्यांनीही. त्या दोन कबिल्यांचं तीन पिढ्यांत पहिल्यांदा एकमत झालं होतं आणि तेही माझ्या अज्ञानावर. हुदैन म्हणाला की दुपारच्या नमाजनंतर मिरदासलाच विचारू.

मी तंबूत जाऊन बसलो. उमामा पीठ मळत होती. आमच्या तुकडीतल्या प्रत्येक बाईप्रमाणं तिनंही किल्ल्यातल्या बंदी बायकांपैकी एक दळणारीण मनात धरून ठेवली होती. ती वर न बघता म्हणाली, “काकाच्या लेका, तुला अर्थ ठाऊक होता?”

“नव्हता.”

“हे आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“तुला.”

तिनं पिठाला दोन गुद्दे घातले. “पाच वर्षं तुझी ही फारसी ऐकतेय. दलदलीत माझं बिऱ्हाड बुडवलंस तेव्हाही मी चारचौघांत तोंड उघडलं नाही. आज पहिल्यांदा ती कुणाच्या कामाला येतेय, तर तुला खरं बोलायची हुक्की आलीये.”

मी म्हणालो की खोटं बोलणं पाप आहे. ती म्हणाली की हे पाच वर्षांपूर्वी आठवायला हवं होतं. आणि मग जरा वेळानं, वेगळ्या आवाजात, “त्या बाईनं पोरांचं विचारलं होतं म्हणे.” तेवढ्यावर तिनं बोलणं संपवलं. दळणाऱ्या बाईचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. जातं अजून तीच फिरवते.

दुपारी सगळे गोल करून बसले. एका बाजूला दारगानची माणसं, अजून भाकरीच्या परड्या मांडीवर धरून. हुदैननं मला समोर उभं केलं.

“हा शब्द तू उच्चारलास?”

“अल्लाहची शपथ, उच्चारला.”

“त्याचा अर्थ तुला ठाऊक आहे?”

इथं मी वाचकाला थांबवतो, कारण सगळं या वाक्यावर आहे. त्यानं ‘आहे’ विचारलं. ‘होता’ नाही. सकाळपासून मला अर्थ ठाऊक होता, यशूअनंच सांगितला होता. शब्द मोजून देणाऱ्या माणसाच्या तोंडून हा शब्द चुकून निसटला की त्यानं मुद्दाम ठेवला, हे मी नंतर तीस वर्षं विचार करूनही ठरवू शकलो नाही.

“ठाऊक आहे,” मी म्हणालो. “भिऊ नका.”

दिरार उठला. तो मूर्ख नव्हता. तो म्हणाला, “याला फारसी येते ना? मग आणखी एक शब्द विचारा. एकच.” आणि त्यानं माहबोदच्या डोक्याकडं बोट केलं. “हिला काय म्हणतात, अबू रैता?”

नमद्याची टोपी. तिला कुलाह म्हणतात. हे आज बसऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात नान होतं, आब होतं आणि मतर्स होतं, आणि तिन्ही डोक्यावर घालता येत नव्हती. चारशे माणसं वाट पाहत होती. जो पहिला आवाज तोंडात आला तो मी सोडला.

“झमखान.”

यशूअनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. त्याला खोटी साक्ष द्यायची नव्हती आणि खरी द्यायचीही नव्हती, म्हणून त्याला त्याच क्षणी ताप चढला. मग हुदैन स्वतः माहबोदकडं वळला. त्यानं टोपीकडं बोट दाखवलं आणि भुवया उंचावून विचारलं, “झमखान?”

म्हाताऱ्याला अरबी येत नव्हती. पण त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी घामानं निथळत होतो. मग लोहाराच्या मनगटाकडं पाहिलं, तिथं दोरीचा वळ होता. मग त्यानं सावकाश टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि जन्मभर तेच म्हणत आल्यासारखा म्हणाला, “झमखान.”

त्याच्या मागची ती तटावरची बाई म्हणाली, “झमखान.” लोहार म्हणाला. कडेवरच्या एका पोराला गंमत वाटली, ते तर म्हणतच सुटलं. पाहता पाहता तीनशे सहा माणसांनी आपल्या बापजाद्यांचा एक शब्द टाकून माझा उचलला. मी आजवर कुठल्याही भाषेत घातलेली भर म्हणाल तर ती एवढीच.

हुदैननं त्या टोपीकडं एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाला, “अभय दिलेलं आहे. दोऱ्या सोडा. तह लिहायला घ्या.”

माझ्या बाजूनं कुणी एक शब्द काढला नाही. तमीमची माणसं माझ्या अंगावरून अशी गेली, जणू मी खुंटीच. कुणी तरी पाण्याची पखाल माझ्या पायावर ओतली आणि माफी मागितली नाही. तहाच्या कागदावर दोन्ही कबिल्यांचा एकेक साक्षीदार लागतो. तमीमकडून एका म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घालून नाव दिलं. बक्रकडून दिरारचं नाव लागणार होतं. साक्ष झाली नाही तर तह नाही, आणि साक्ष देताना तो काय बोलेल ते त्यालाच ठाऊक.

यशूअ चामड्यावर रेघा आखत होता तेव्हा दिरार खुंटीजवळ आला. मी तिथं बसलो होतो. तो उभाच राहिला.

“मला एक सांग,” तो म्हणाला. “तुला अर्थ येत होता तर तू पहिल्या दिवसापासून त्यांना माफ केलंस. मी तुझ्या डोक्यावर ढाल धरून उभा होतो आणि तू माझ्या शेजारी उभा राहून माझ्या भावाचं रक्त माफ करत होतास. मला न विचारता. असंच ना?”

मी दिवसभरात बरीच तयारी केली होती, पण या प्रश्नाची नव्हती. खरं सांगितलं तर त्याचा जीव शांत होणार होता आणि समोरची तीनशे माणसं पुन्हा दोरीला जाणार होती. खोटं सांगितलं तर ती सुटणार होती आणि हा माणूस जन्मभर समजणार होता की मी त्याच्या भावाच्या कबरीवर पाय देऊन फारसीची मिजास केली. धोरणी माणसानं इथं काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी धोरणी असतो तर पाच वर्षांपूर्वीच अरबीत गप्प बसलो असतो.

“मला येत नव्हता,” मी म्हणालो. “मला वाटायचं, मतर्स म्हणजे चिरडून टाक. मी त्यांना शिव्या घालत होतो, दिरार. नुमैरच्या वतीनंसुद्धा.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं मला एक ठोसा लगावला. माझा पुढचा दात गेला. दारगानच्या मोहिमेत मला झालेली ही एकमेव जखम. मी उठून बसेपर्यंत तो हुदैनच्या तंबूकडं निघाला होता. मी तोंड धरून मागं धावलो. खुंटीपासून तंबूपर्यंत साठ पावलं होती आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं की आता हाक मारावी, पण हाक मारून सांगायचं काय? ओठांतून रक्त गळत होतं आणि मला बोलता येत नव्हतं, ही त्या दिवसातली पहिली बरी गोष्ट.

तंबूत हुदैन, यशूअ आणि माहबोद बसले होते. माहबोदनं टोपी मांडीवर ठेवली होती.  हुदैननं विचारलं, “बक्रकडून साक्ष?”

 दिरारनं माहबोदकडं पाहिलं, मग बाहेर, जिथं नुमैरच्या कबरीचा उंचवटा दिसत होता. मी दारात उभा होतो. 

“दिरार, बक्र बिन वाइल कबिल्याचा,” तो म्हणाला. “लिही.”

यशूअनं लिहिलं. हुदैननं चामडं पुढं ओढून अंगठीचा शिक्का उमटवला. माहबोदनं डोळे मिटले.

दिरार जायला वळला, मला दारात पाहून थांबला आणि हुदैनला म्हणाला, “एक मागणं आहे. पुढच्या किल्ल्याला हा दुभाषा नको.”

“का?” हुदैननं विचारलं.

“याची फारसी फार चांगली आहे.”